पाखरांच्या वाटेवरचं घर

बाबांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरले, तेव्हा आमच्या घरात कुठं राहायचं याची बोलणी सुरू झाली. भिलाईच्या सेक्टर दोनमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. माझा जन्म तिथलाच. मागच्या अंगणात पेरू, पुढं मेंदीचं कुंपण, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसणारी घरं. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, लग्न झालेलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच.

आईचं ठरलेलं होतं, शहराला लागून असलेली कोहक्याची वस्ती. "कोहक्यात पाहू. बाजार हाये, दवाखाना हाये, आपली मानसं हायेत."

"कोहक्यात पानी कुठी हाये?" बाबांनी विचारलं.

"नळाले येते ना पानी."

"नळाच्या पान्यात बदक बसते का?"

आईला वाटलं, थट्टा करून राहिले. मलाही तसंच वाटलं. पण पुढच्या रविवारी सकाळी सहाला बाबा स्वेटर घालून माझ्या पलंगाशी उभे होते. म्हणाले, "चाल, स्कूटी काढ. जागा पाहून येऊ."

बाबांच्या लेखी घराची जागा पाहणं म्हणजे तळं पाहणं, हे मला त्या दिवशी कळलं.

ते भंडाऱ्याकडचे. गावाला लागून मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव, आणि त्यांच्या वडिलांकडे नळीत दारू ठासायची भरमार बंदूक. हिवाळ्यात आजोबा पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचे आणि बाबा त्यांच्यामागे, श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडाला गमछा बांधून. दहा वर्षांचे असल्यापासून. पाखरं कोणत्या शेतातून येतात, कुठं खाली उतरतात, वारा कुठला असला की कोणत्या काठाला बसतात, हे सगळं ते आजोबांच्या पाठीमागून शिकले. पुढं शिकारीवर बंदी आली, आजोबा गेले, बंदूक ठाण्यात जमा झाली ती झालीच. बाबा भिलाईला येऊन फिटर झाले. माझ्या जन्मापासून मी त्यांच्या हातात साधी गलोलही पाहिली नव्हती. पण जमीन कशी पाहायची ते त्यांना एकाच पद्धतीनं येत होतं, आणि ती शिकाऱ्याची होती.

"पन बाबा, शिकार तो बंद आहे ना," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"बंदी बंदुकीले हाये. डोळ्याले नाही."

डोळे त्यांचे उत्तम होते. कान मात्र गेले होते. त्यांच्या वडिलांचेही असेच पन्नाशीनंतर गेले होते, घराण्यातच होतं ते. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण ते कपाटात पडून असायचं. समोरासमोर बोललं, ओठ दिसले, की त्यांना समजायचं. लांबचं, बारीक काही ऐकू यायचं नाही. आणि अडई ही बदकाची जात अशी, की दिसायच्या आधी ऐकू येते. उडताना शीळ घालते, दुपदरी, पातळ. म्हणून बाबांना मी हवी होते. पाळीवर उभं राहायचं, ते आभाळ पाहायचे आणि मी ऐकायची.

"बोलते का?" ते विचारायचे.

"हो. डावीकडून."

मग ते डावीकडं वळायचे, आणि थोड्या वेळानं खरंच तिथून पाच-पंचवीस ठिपके वर यायचे. त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी कधी घरात पाहिलं नव्हतं.

तो अख्खा हिवाळा आम्ही असे फिरलो. दुर्गच्या बाजूची तळी पाहिली, धमध्याकडची पाहिली. एक तळं बाबांनी नापसंत केलं कारण गावाचा घाट बरोबर उथळ बाजूला होता, पाखरं बसलीच तर बायका धुणं घेऊन येणार. एक सोडलं कारण सकाळचं ऊन डोळ्यांवर येत होतं. "सूर्य पाठीशी पाह्यजे," ते म्हणत, "मंग पाखराले तू दिसत नाही, तुले पाखरू दिसते." एका ठिकाणी पाणी सुंदर होतं, कमळं होती, जागाही विकायला होती, पण आसपास धानाची शेतं नव्हती. "खातीन काय? अडई रातभर धानात चरते. दिवसा झोपाले तलावावर येते. जेवन एकीकडे आन् झोप तीन कोस दूर, असं कोनी राहते का?"

मला हसू आलं होतं. आमचं जेवण आणि माझी नोकरी किती कोसांवर पडेल, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत आम्हाला ते तळं सापडलं. अहिवाऱ्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत. पूर्वेला पाळ, पश्चिमेला उथळ पाणी आणि त्यात शिंगाड्याची वेल, त्यापलीकडे नजर पोहोचेल तिथवर धानाची शेतं, कापणी झालेली, मधून मधून लाखोळीच्या डाळीचं हिरवं पीक. पाळीच्या खाली एक तुकडा विकायला होता. बाबा पाळीवर चढले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

पाळीला लागून ज्याचं शेत होतं तो माणूस आम्हाला पाहून आला. चाळिशीचा, बारीक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. गावात त्याचा एकट्याचाच ट्रॅक्टर होता, म्हणून आम्ही त्याला ट्रॅक्टरवाला म्हणत असू, तेच लिहिते.

"चिरई देखत हव का बाबूजी?" त्यानं विचारलं. पाखरं पाहताय का?

बाबांना ऐकू आलं नाही, पण ओठ कळले. मग ते सुरू झाले. किती येतात, कोणत्या महिन्यात येतात, नकटा येतो का, लांब शेपटीचं तलवार बदक येतं का, सकाळी कुठून शिरतात. ट्रॅक्टरवाला आनंदानं सांगत होता, अब्बड, म्हणजे पुष्कळ येतात, आभाळ काळं होतं. सकाळी कुठून शिरतात ते मात्र त्याला सांगता येईना. त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं.

"मी सांगतो," बाबा म्हणाले. त्यांनी त्याला हाताला धरून पाळीच्या उत्तरेच्या टोकाला नेलं. तिथं दोन बाभळी होत्या आणि त्यांच्यामधून शेतापर्यंत मोकळी पट्टी. "वारा इकडून हाये. पाखरू वाऱ्याच्या तोंडावर उतरते. बाभळीच्या वरून नाही येत, त्याले अडथळा होते. ह्या दोघींच्या मधातून येते. खाली. इतकं खाली, तू हात वर केला तर लागन." आणि त्यांनी पायानं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. "हे त्याहिची वाट."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो. ट्रॅक्टरवालाही आला होता. मला शीळ ऐकू आली, मी बाबांचा हात दाबला, आणि अडईंचा थवा बरोबर त्या दोन बाभळींच्या मधून, रेघेवरून, पंखांचा वारा लागेल इतका खालून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं बाबांकडे पाहिलं, जसं लोक जादूगाराकडे पाहतात. मलाही अभिमान वाटला. खरं सांगायचं तर खूप वाटला.

 घरी रात्रीच्या भाकरी करता करता आई एवढंच म्हणाली, "घराचं तोंड पश्चिमेले. उन्हाळ्यात भट्टी होईन." मग मला एकटीला गाठून म्हणाली, "तू तरी बोल त्याहिले. तुयं ऐकते थे."

मी बोलायला हवं होतं. कोहक्यापासून माझी शाळा पंधरा मिनिटांवर होती. आईला दम्याचा त्रास होता, दवाखाना जवळ असणं बरं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी त्यांना पाळीवर पाहिलं होतं. नोकरीतून मोकळं होणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं ते मला माहीत नव्हतं, हे मात्र हवं होतं हे दिसत होतं. मी आईला म्हटलं, "सांगते." आणि सांगितलं नाही.

तो तुकडा घेतला, घर बांधून झालं, दिवाळीच्या आधी आम्ही राहायला गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पश्चिमेला पाळीइतका उंच ओटा. ओट्यावरून थेट पाणी दिसायचं.

पहिला हिवाळा बाबांचा होता. पहाटे ते ओट्यावर बसायचे, मी शाळेत जायच्या आधी चहा घेऊन त्यांच्याजवळ. "बोलते का?" "हो, शेताकडून." मग थवा. दिवस वर आला की ते मला ओळखायला शिकवायचे. चपट्या चोचीचा तो थापट्या. चोचीवर पिवळं-लाल आहे तो हळदीकुंकू. काळा, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी, बदक नाही आहे. डिसेंबरात एक दिवस नकट्यांची जोडी उतरली, तर त्यांनी आईला पिठाच्या हातांनीच बाहेर आणलं. आई पाहत उभी राहिली. "केवढं मोठं हाये," ती म्हणाली, आणि मग, "आन् ह्याले तुमी खात होते?"

"खात होतो," बाबा म्हणाले. "गरम असते."

आई पुन्हा आत गेली.

पण तिचंही तिथं जमत गेलं. ट्रॅक्टरवाल्याची बायको रोज यायची. भाजीच्या जुड्या, लाखोळीची कोवळी भाजी, मुरमुरे. आईनं तिला मराठी शिकवली नाही, तिनं आईला छत्तीसगढी शिकवली नाही, दोघी आपापल्या भाषेत दुपारभर बोलत बसत.

त्या मार्चमध्ये आईला दम्याचा मोठा झटका आला. दुपारची वेळ. मी शाळेत होते. बाबांनी मला फोन केला खरा, पण मी काय बोलतेय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. ते फक्त "तुयी आई, तुयी आई" असं म्हणत होते आणि मी इकडून ओरडत होते, आणि ऑफिसातले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी स्कूटी काढली. अर्ध्या रस्त्यात कुणाची तरी जीप समोरून जोरात आली आणि मला ओलांडून गेली. आत ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर, मागं आई त्याच्या बायकोच्या मांडीवर. शेताला पाणी देत होता ते टाकून तो बाबांच्या हाकेसरशी धावत आला होता, गावातून जीप मागून आणली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तो रात्रभर बाहेर बाकावर बसून होता. सकाळी त्यानं आईसाठी कुठून तरी डाळिंब आणलं, आणि सोलायला काही नव्हतं म्हणून दातानं फोडलं.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगताना तो माणूस वाईट वाटेल. तो वाईट नव्हता. आम्हाला भिलाईत चाळीस वर्षांत असा शेजारी मिळाला नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात, पाखरं यायला लागून आठवडा झाला असेल, तो सकाळी खताची रिकामी पिशवी घेऊन ओट्यावर आला. पिशवी बाबांच्या पायांशी ठेवली आणि हसत उभा राहिला. "बाबूजी, आप मन बर." तुमच्यासाठी.

बाबांनी पिशवी उघडली. आत चार अडया होत्या. दोन मेलेल्या. उरलेल्या दोघींचे पाय सुतळीनं बांधलेले, त्या जिवंत होत्या, आणि पिशवीच्या अंधारातून एकदम उजेड आल्यावर त्यांनी हालचालही केली नाही.

"कशा धरल्या?" बाबांनी विचारलं.

तो आम्हाला घेऊन गेला. पाळीच्या उत्तरेच्या टोकाला दोन बाभळींच्या मध्ये दोन बांबू रोवलेले होते आणि त्यांना नायलॉनची जाळी ताणलेली. इतकी बारीक की दहा पावलांवरून दिसत नव्हती. जाळीत आणखी एक, पाचवी अडई लटकली होती, मान एका बाजूला. जाळीचा खालचा काठ बरोबर त्या ठिकाणी होता, जिथं बाबांनी पायानं रेघ ओढली होती.

बाबा जाळीकडे पाहत राहिले. ट्रॅक्टरवाला त्यांच्याकडे. त्याला शाबासकी हवी होती, हे अगदी स्पष्ट होतं.

"हे नाही कराचं," बाबा शेवटी म्हणाले. मग हिंदीत म्हणाले. "ये मत करो भाई. ये बंद है. गुन्हा है."

त्याचा चेहरा पडला. रागानं नाही, गोंधळून. "आपे मन तो बताए रहेव बाबूजी," तो म्हणाला. तुम्हीच तर सांगितलं होतं. वाट तुम्हीच दाखवली होती. किती येतात, केव्हा येतात, तुम्हीच विचारत होता. तुम्ही स्वतः मारत होता, असं तुम्हीच सांगितलं. मग मला वाटलं, बाबूजींना आवडतं, आता वय झालं, कोण आणून देणार.

बाबांनी जाळीचा धागा बोटांत धरून पाहिला.  काय सांगणार होतो आम्ही? की आम्हाला ती फक्त पाहायची असतात? तो रोजच पाहत होता. की त्यानं मारलं तर गुन्हा आणि आजोबांनी मारलं तर आठवण?

ओट्यावर परत येऊन त्यानं दोन जिवंत अडयांचे पाय सोडले. एक उडाली. दुसरी पाण्यापर्यंत चालत गेली. मेलेल्या दोन तो घेऊन गेला. जाळी काढतो म्हणाला, आणि आठवडाभर ती नव्हतीही. मग पुन्हा दिसली. आता तो आमच्याकडे पिशवी आणत नव्हता, रस्त्यावरच्या एका ढाब्याला नेत होता. बाबांनी पुन्हा सांगितलं. तो मान खाली घालून ऐकायचा, "हव बाबूजी" म्हणायचा, आणि संध्याकाळी त्याची बायको आईसाठी मेथी घेऊन यायची.

पहाटे ओट्यावर बसणं मला जड होऊ लागलं. शीळ ऐकू यायची, जवळ यायची, आणि मग तुटायची. त्यानंतर फडफड, आणि एक आवाज, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. बाबांना यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. थवा कमी झालेला त्यांना दिसायचा, पण धुकं असायचं, बाभळी ओट्यावरून दिसत नव्हत्या.

"बोलते का?" ते विचारायचे.

"नाही," मी म्हणायची. "आज नाही आहे काही."

"वारा बदलला असन," ते म्हणायचे.

एकदा आम्ही तक्रार करायला गेलो. बाबा स्वतःच म्हणाले, चाल. जंगल खात्याच्या ऑफिसात टेबलामागच्या माणसानं आमचं नीट ऐकून घेतलं. खुर्ची दिली. कागद दिला. "नाम लिख दीजिए, कौन लगाता है. हम उठा लाएंगे. ये छोटा मामला नहीं है, जेल होता है." बाबांनी कागदावर तळं लिहिलं, गाव लिहिलं, जाळी लिहिलं. मग पेन तसंच धरून बसले. त्यांच्या हातावर वय झाल्याचे डाग होते, ते मी पहिल्यांदाच पाहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, ते मला विचारत होते. मी खाली पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो दातानं डाळिंब फोडत होता.

"नाम नहीं मालूम," बाबा म्हणाले.

त्या माणसानं कागद ठेवून घेतला. बघू म्हणाला. त्यात त्याची चूक नव्हती.

परतताना गावाच्या वळणावर ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला थांबवलं. मला वाटलं, त्याला तक्रारीचं कळलं. तो वाकला आणि स्कूटीचं मागचं चाक दाबून पाहिलं. "हवा कम हे बेटी," तो म्हणाला, "गिर जाहू." स्कूटी आपल्या घरी नेऊन त्यानं पंपानं हवा भरून दिली. बाबा तोवर रस्त्यात उभे होते, पाठमोरे.

जानेवारीच्या शेवटी एक सकाळ अशी आली की मला राहवलं नाही. फडफड थांबतच नव्हती. बाबा अजून आत होते. मी चप्पल न घालता पाळीवरून धावत गेले. जाळीत एकच अडई होती, जिवंत. मी तिला धरलं. इतकं छोटं अंग आणि आत इतका जोरात धडका देणारा जीव. मला वाटलं होतं, दोन धागे ओढले की सुटेल. मी ओढले तसे ते पंखात आणखी रुतले. मी एकीकडून सोडवायची तर दुसरीकडून अडकायची. ती ओरडत नव्हती. मीच रडत होते. दातानं धागा तोडून पाहिला, तर ओठ कापला.

मागून पावलं वाजली. ट्रॅक्टरवाला होता. त्यानं काही विचारलं नाही. माझ्या हातांवर हात ठेवून ते बाजूला केले, आणि दोन बोटांनी, जशी पोरीच्या केसांतली गाठ सोडवावी, तसे धागे एकेक करून काढले. अर्ध्या मिनिटात पाखरू त्याच्या हातात होतं. एक पंख लोंबत होता. तो पंख त्यानं नव्हता मोडला. मी मोडला होता, ओढताना. आम्हा दोघांनाही ते दिसलं.

"ले न बेटी," तो म्हणाला, आणि ते माझ्या ओढणीत ठेवलं.

मी घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर होते. ओढणी पाहिली, ओठावरचं रक्त पाहिलं. पाखराकडे सर्वात शेवटी पाहिलं.

"म्हंजे रोज बोलत होती," ते म्हणाले.

मी मान डोलावली.

त्यांनी हात पुढे करून पाखरू घेतलं. मला अजूनही कधी कधी वाटतं की ते माझ्यावर ओरडायला हवे होते.

त्यांनी पंखाला बांबूची काडी बांधली, माझ्या जुन्या ओढणीच्या पट्टीनं. आईनं कपड्यांच्या टबात पाणी भरून दिलं, त्यात वीट ठेवली, धान टाकलं. तीन दिवस ती अडई विटेवर बसून राहिली. धान खाल्लं नाही. बाबा टबाशेजारी खुर्ची टाकून बसायचे. चौथ्या दिवशी पंख काळा पडला होता आणि वास येत होता. बाबांनी तिला उचललं, बोटांनी हाड चाचपलं, आणि म्हणाले, "ठीक नाही होत हे आता. त्रास होऊन राह्यला तिले."

"डॉक्टर..." मी म्हणाले.

"आत जा," ते म्हणाले.

मी आत गेले. आई दारात उभी होती. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांचे खांदे एकदाच हलले. ते त्यांना येत होतं. लहानपणी शिकले होते, आणि पन्नास वर्षांत हात विसरले नव्हते. मग त्यांनी फावडं घेतलं आणि पाळीच्या पायथ्याशी खड्डा केला. माती पायानं दाबून सारखी केली. त्या गावात राहायला आल्यापासून बाबांनी मारलेलं ते एकमेव पाखरू.

पुढच्या वर्षी अडया निम्म्याही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी सात मोजल्या, आणि एक दिवस त्याही नव्हत्या. तलवार बदकं येऊन एक फेरी मारून गेली. आता पाण्यावर बुडी मारणाऱ्या टिबुकल्या असतात, वारकरी असतात. ट्रॅक्टरवाल्यानं जाळी काढून ठेवली, कारण तिच्यात काही येतच नव्हतं. एकदा तो ओट्यावर येऊन बसला आणि मनापासून म्हणाला, "चिरई काबर नइ आवत हे बाबूजी?" पाखरं का येत नाहीत? बाबांना सगळं माहीत आहे असं त्याला अजूनही वाटत होतं. बाबांनी त्याला चहा दिला.

आम्ही तिथंच राहतो. मी एकदा म्हटलं, विकू या, कोहक्यात छोटं काही पाहू. तर आईच म्हणाली, "आता मी कुठीच नाही जात. इथं मायी मानसं हायेत." ट्रॅक्टरवाल्याची बायको तेव्हा तिच्यासोबत वाल सोलत बसली होती. तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

मागच्या उन्हाळ्यात पंचायतीनं तळं खोल करायला घेतलं. उथळ बाजूची सगळी माती काढली. शिंगाड्याची वेल गेली, दोन्ही बाभळी गेल्या. माती वाहायचं काम ट्रॅक्टरवाल्याला मिळालं होतं. त्याचा ट्रॅक्टर दिवसभर ओट्यासमोरून धूळ उडवत जायचा, आणि तो दर खेपेला बाबांना हात करायचा. पहिले दोन दिवस बाबा पाहत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची उचलायला लावली आणि घराच्या दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे ठेवायला सांगितली. तेव्हापासून ते तिथंच बसतात. चुनखडीचे ट्रक जातात, शाळेची पोरं जातात, दुपारी भाजीवाला येतो. आई म्हणते, बरंच झालं, येणारेजाणारे दिसतात.